सगळ्यांची रजा गुरुवारी

“पाच नावं द्या, मॅडम. शनिवारच्या मीटिंगमध्ये ठराव करून टाकू.”

बाळारामशेठनी हे बशीत चहा ओतता ओतता सांगितलं. बाळारामशेठ म्हणजे आमचे सरपंच. मी ग्रामविकास अधिकारी, म्हणजे मोठ्या ग्रामपंचायतीची सरकारी सचिव. राहायला मुरबाडला, नोकरी शहापूर तालुक्यात. गाव आसनगाव स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर. नाव सांगत नाही, कारण ही सगळी माणसं अजून तिथेच राहतात आणि मला अजून लग्नाला बोलावतात.

भानगड अशी होती. गावाच्या हद्दीत पुठ्ठ्याचे खोके बनवणारा एक कारखाना होता. त्याची घरपट्टी हाच आमच्या उत्पन्नाचा मोठा आधार. दिवाळीच्या आधी कारखाना बंद पडला आणि ती घरपट्टीही थांबली. मार्चअखेरपर्यंत पगार कसे भागवायचे, याचं उत्तर बजेटमध्ये नव्हतं.

आमच्याकडे अकरा कर्मचारी होते. त्यांतल्या सहा जणांची पदं सरकारने मंजूर केलेली. कुठल्या ग्रामपंचायतीत किती माणसं असावीत, हे शासन ठरवून देतं; त्याला आकृतिबंध म्हणतात. त्या सहा जणांच्या पगारात शासनाचा वाटा असतो. उरलेले पाच जण गाव वाढलं तसे ग्रामपंचायतीने आपल्या जबाबदारीवर घेतलेले. त्यांचा पगार पूर्णपणे आमच्या तिजोरीतून. त्यामुळे पाच नावं कोणती, हे शोधावं लागणारच नव्हतं. ती सरपंचांनाही माहीत होती आणि त्या पाच जणांनाही.

“पाच माणसं काढली तर घंटागाडी कोण चालवणार?” मी विचारलं.

“बघू. कोनीतरी चालवील.”

“पाण्याचा व्हॉल्व?”

“काशिनाथमामा हायत ना.”

त्यापुढच्या प्रत्येक प्रश्नाला असंच एकेक नाव येत होतं, आणि ती सगळी नावं उरलेल्या सहा जणांतली होती.

मी त्यांच्याकडून मीटिंगपर्यंतचा वेळ मागून घेतला. माझ्या डोक्यात दुसरा विचार होता. कपातीचे दोन प्रकार असतात. एक, माणूस कमी करायचा. त्याची नोकरी संपते. नंतर पैसे आले तरी ती जागा पुन्हा भरायला परवानग्या घेत बसावं लागतं, आणि तोवर तो माणूस दुसरीकडे गेलेला असतो. दुसरा प्रकार बिनपगारी रजेचा. नोकरी राहते, फक्त त्या दिवसाचा पगार मिळत नाही. पाच जणांचा पूर्ण पगार वाचवण्याऐवजी अकरा जणांनी आठवड्यातून एक दिवस बिनपगारी राहायचं, वरखर्चालाही मोठी कात्री लावायची, म्हणजे मार्चपर्यंत रेटता येत होतं.

अडचण एवढीच, की बिनपगारी रजा कोणावर लादता येत नाही. माणसाने स्वतः अर्ज करावा लागतो. आणि एकानेही नकार दिला असता तरी माझी बेरीज कोलमडत होती.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर कार्यालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांना बसवलं. कारखान्याचं सांगितलं. पाच जणांचं सांगितलं. मग रजेचं सांगितलं. सगळ्यांत आधी वैशाली म्हणाली, “मी तयार हाय. अख्खा पगार जान्यापरीस एक दिसाचा गेलेला परवडला.”

वैशाली आमच्या घंटागाडीची ड्रायव्हर. पाचांतली. लग्नाआधी टोकावड्याला वडिलांचा टेम्पो चालवायची. आमच्याकडे आली तेव्हा बाई गाडी चालवणार म्हणून पोरं मागे धावायची. ती काच खाली करून त्यांना विचारायची, “ओला कुठं, सुका कुठं? आनलाय का?” पोरं पळून जायची.

तिच्यामागोमाग बाकीच्यांनीही माना डोलावल्या. फक्त काशिनाथमामांची मान हलली नाही. मामा म्हणजे आमचे पंप ऑपरेटर, सगळ्यांत जुने. त्यांच्या आयुष्यातले सगळे ग्रामसेवक पुरुष होते आणि त्यांना ते भाऊसाहेब म्हणत. मी आल्यावर त्यांनी शब्द बदलला नाही. मलाही भाऊसाहेबच म्हणायचे.

“भाऊसाहेब,” मामा म्हणाले, “माझ्या पगारात सरकारचा वाटा हाय. ही पाच लोकं पंचायतीनं घेतली, मी नाय. मंग माझा दिस कापायचा कशाला?”

प्रश्न रास्त होता. मी काही बोलायच्या आत वैशालीच म्हणाली, “बरोबर हाय मामा. मंग तुमच्या आळीचा कचरा पन सरकारच उचलील.”

सगळे हसले. मामा हसले नाहीत. टोपी झटकून उठले आणि गेले. ती रात्र मला बरी गेली नाही. मामांना दोष देता येत नव्हता. त्यांच्या घरीही खाणारी तोंडं होती.

सकाळी मी स्कूटी लावत होते तर मामा पायरीवर बसलेले.

“भाऊसाहेब, रव्या पन त्या पाचात हाय का?”

रवी म्हणजे आमचा व्हॉल्वमन. कुठल्या आळीला कधी पाणी सोडायचं, ते व्हॉल्व फिरवणारा.

“आहे,” मी म्हटलं.

“मंग तो गेला तर व्हॉल्व कोन फिरवनार? मीच ना? वरच्या आळीला जा, खालच्या आळीला जा, टाकीवर चढ, टाकीवरून उतर.” त्यांनी लेंगा वर करून गुडघे दाखवले. दोन्हीला पट्टे होते. “ह्ये बघा.”

“म्हणजे तुम्ही तयार?”

“मी नाय तयार. गुडघे तयार हायत.”

अर्जावर सही गुडघ्यांनी केली असं समजून मी तो घेतला.

शनिवारी मीटिंगमध्ये प्रस्ताव ठेवला. सदस्यांना कोणालाच माणसं काढायची हौस नव्हती. गावात तोंड दाखवायचं असतं. बाळारामशेठ म्हणाले, “मला आकडा जुळल्याशी मतलब. जुळत आसंल तर करा.” ठराव झाला, त्यांनी सही केली.

पहिला महिना आम्ही पाळीने रजा घेतल्या. आज हा, उद्या तो. मी राज्य सरकारची नोकर असल्यामुळे मला ही रजा लागू नव्हती. म्हणून रोज कोण नाही आणि त्याचं काम कोण करणार, हे बसवायचं काम मी अंगावर घेतलं. वैशाली नसली की घंटागाडी रवी चालवायचा. रवी नसला की शिपाई व्हॉल्व फिरवायचा. लिपिक नसली की दाखले मी लिहायचे. गटारं साफ करायचं मागे पडलं, बाजारपेठेतल्या पाइपची गळती तशीच राहिली, पण पाणी वेळेवर आलं आणि कचरा वेळेवर गेला. सगळे दमले होते, पण खूश होते. मीही खूश होते. महिना निभावला, नोकऱ्या शाबूत.

महिनाअखेरीला बाळारामशेठ कार्यालयात आले. तेही खूश होते.

“मॅडम, मानलं! गावाला कळलं पन नाय.”

“हो ना,” मी म्हटलं.

“म्हंजे बघा, रोज माणसं कमी, तरी गाव चालतंय. म्हंजे माणसं जास्तच होती. मंग मार्चनंतर त्या पाच जणांचं करूनच टाकू.”

माणसं वाचवायला केलेली धावपळ माणसं काढायचा पुरावा झाली होती. तो पुरावा मीच महिनाभर मन लावून तयार केला होता. मी गळक्या पाइपचं सांगितलं. ते म्हणाले, “पाइप तर नेहमीच गळतो.”

संध्याकाळी मी हे शेडमध्ये सगळ्यांना सांगितलं. लपवून उपयोग नव्हता. रवी म्हणाला, “चांगलं काम केलं ही चूक झाली का आपली?” कोणी तरी संप करू म्हणालं. मी म्हटलं, संपाचं नाव काढू नका, मग मी तुमच्या बाजूला उभी राहू शकणार नाही.

वैशाली इतका वेळ ऐकत होती. “मॅडम, रजा आमची हाय ना? मंग पाळीनं कशाला? सगळी एकाच दिवशी घेऊ.”

“सगळी?”

“सगळी. गुरुवारी. तेवढेच दिस, तेवढाच पगार कापा. फक्त झाकायचं नाय.”

मी रात्रभर विचार केला नाही. लगेच पटलं. पण पाणी ही चेष्टेची गोष्ट नाही. दुसऱ्या दिवशी मी शहापूरला पंचायत समितीत गेले आणि गटविकास अधिकाऱ्यांना भेटले. तालुक्यात आम्हा ग्रामसेवकांचे ते साहेब.

“मॅडम, पाणी बंद ठेवू नका हां,” साहेब म्हणाले. “माझ्याकडे मोर्चा येईल.”

“बंद नाही, साहेब. बुधवारी संध्याकाळी दीडपट वेळ सोडू. पिण्याचं सगळ्यांचं भरून होईल. दवाखाना आणि शाळेच्या टाक्या आधी भरू. पाइप फुटला, आग लागली, तर माणूस बोलावू आणि त्याची रजा रद्द करू.”

“बोलावलं तर पगार द्यावा लागेल.”

“देऊ. कामावर बोलावलं तर रजा रद्द, रजा रद्द तर पगार. ते मी आदेशातच लिहिते.”

साहेबांनी पंख्याकडे बघितलं. “लेखी मागू नका माझ्याकडे. पण तक्रार आली तर पहिला फोन तुम्हाला करीन.”

ही परवानगीच होती. सरकारी खात्यात बरीच वर्षं काढली की कळतं.

बुधवारी घंटागाडीच्या स्पीकरवरून वैशालीच्याच आवाजात पुकारा झाला. “उद्या गुरुवार. ग्रामपंचायतीचे सर्व कर्मचारी उद्या बिनपगारी रजेवर आहेत. आज पाणी भरून ठेवा. उद्या कचरा बाहेर ठेवू नका. कळावे.” ‘कळावे’ तिने स्वतःहून जोडलं होतं.

पहिल्या गुरुवारी माझा फोन सकाळी वाजायला लागला तो थांबला नाही. गाडी का नाही आली? नळाला पाणी का नाही? मी प्रत्येकाला तेच सांगितलं. पगाराला पैसे नाहीत, म्हणून लोक बिनपगारी घरी आहेत. बऱ्याच जणांना हे पहिल्यांदाच कळत होतं. एक आजी म्हणाल्या, “अगो, मंग आदी सांगायचं ना.” आम्ही महिनाभर जिवाचं रान करून सांगितलं नव्हतं, तेच नेमकं आमचं चुकलं होतं.

दुसरा गुरुवार गेला. तिसरा गेला. बाळारामशेठनी कानावर घेतलं नाही. “होईल सवय,” म्हणाले.

मग त्यांच्या पुतण्याचं लग्न आलं.

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. मांडव, डीजे, अख्ख्या गावाला जेवण. हळद होती बुधवारी, लग्न गुरुवारी संध्याकाळी. गुरुवारच ठेवायचं वैशालीने सुचवलं तेव्हा तिला ही तारीख माहीत होती का, ते मी तिला बऱ्याचदा विचारलंय. ती हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. पत्रिका तर माझ्याही टेबलावर होती.

गुरुवारी सकाळी फोन आला.

“मॅडम, दारात पत्रावळ्यांचा डोंगर झालाय. कुत्री वढतायत. घंटागाडी पाठवा.”

“शेठ, आज गुरुवार.”

“अवो पावणे उठले, आंघोळीला पानी नाय! बोअर तर आटलीय.”

“बुधवारी जादा पाणी सोडलं होतं.”

“त्ये रात्रीच संपलं. हळद होती मॅडम, हळद! तुमी या बरं इकडं.”

मी गेले. मांडवात पाहुणे दात घासत उभे होते, बहुतेकांच्या अंगाखांद्याला अजून हळद होती, आणि कुणाच्याही हातात पाण्याचा तांब्या नव्हता. दाराशी खरंच डोंगर होता. आणि मांडवात पुढच्या ओळीत आमचा सगळा स्टाफ बसलेला. का नाही बसणार? सगळे गावचेच, सगळ्यांना आवतण होतं, आणि सुट्टीही होती. काशिनाथमामा इस्त्रीच्या कपड्यांत पोहे खात होते. वैशाली जरीच्या साडीत, केसात गजरा.

सरपंचांच्या पत्नी, शोभावहिनी, माझ्यासमोरच तिच्याकडे गेल्या. “गो वैशाली, जरा गाडी काढ ना. पाच मिन्टाचं काम.”

वैशाली उठून उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, “वहिनी, कधीपन काढली आसती. पन आज मी पावनी हाय.”

“पावनी काय? रोज तर येतेस.”

“रोज पगार आसतो. आन् मार्चनंतर रोज पन नाय येनार. माझं नाव काढायच्या यादीत हाय.”

शोभावहिनी गर्रकन नवऱ्याकडे वळल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. “हिला काढनार? मंग गाडी कोन चालवनार, तुमी?”

“अगो, बघू आपन नंतर...”

“नंतर काय? आता बघा ना, दारात काय झालंय त्ये!”

पाहुण्यांना करमणूक झाली. नवरदेव अंगाला हळद फासलेला, ओट्यावर येऊन उभा राहिला. बाळारामशेठ काशिनाथमामांकडे वळले. “मामा, तुमी तरी. घटकाभर पंप लावा.”

मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मामा मऊ माणूस. उठलेच होते. मीच म्हटलं, “मामा, बसा. शेठ, यांनी पंप लावला तर मला त्यांची रजा रद्द करावी लागेल. रजा रद्द केली की पगार द्यावा लागेल.”

“मंग द्या ना!”

“एकट्या मामांनी भागणार नाही. व्हॉल्वला रवी लागेल, कचऱ्याला वैशाली आणि दोघं.”

“समद्यांना द्या!” बाळारामशेठ ओरडले. “समद्यांची रजा रद्द! अख्ख्या गावासमोर सांगतो, रद्द!”

मांडवातून टाळ्या आल्या. डीजेवाल्याने न सांगता एक गाणं लावलं. वैशालीने पदर कमरेला खोचला, गजरा तसाच ठेवला आणि गाडी आणायला गेली. गाडी आली तेव्हा डोंगर उचलायला सगळ्यांत पुढे खुद्द बाळारामशेठ होते. माणूस वाईट नव्हता. कोपरापर्यंत वरणभात लागला. अर्ध्यात थांबून दम खाताना त्यांनी वैशालीला विचारलं, “ह्ये रोज करता?”

“रोज यवढं नसतं, शेठ,” ती म्हणाली. “पन रोज आसतं.”

पाणी आलं. पाहुण्यांच्या आंघोळी झाल्या. संध्याकाळी लग्न लागलं आणि आम्ही सगळे जेवलो.

पुढच्या मीटिंगमध्ये मी विषय मांडायच्या आधीच बाळारामशेठ बोलले. त्या वर्षीच्या बजेटमध्ये गावाच्या वेशीवर सिमेंटच्या कमानीसाठी रक्कम ठेवलेली होती. ती आमच्याच निधीतली होती. मी नोव्हेंबरात एकदा तिच्याकडे बोट दाखवलं होतं, तेव्हा सगळे माझ्याकडे असे बघत होते की मी देऊळ पाडायला सांगितलंय. एका कामासाठी ठेवलेला पैसा दुसऱ्या कामाकडे वळवणं याला पुनर्विनियोजन म्हणतात. शब्द जड आहे. पण आपला निधी असेल आणि सभेची मंजुरी असेल तर काम तासाभराचं आहे. बाळारामशेठ म्हणाले, “कमान काय, पुढल्या साली बांधू. कमानीखालनं कचरा वाहात येनार आसंल तर काय करायची?” एका सदस्याने कुरकुर केली. त्याच्या घरी मे महिन्यात लग्न होतं. शेजारच्याने त्याला त्याची आठवण करून दिली. ठराव एकमताने झाला.

गुरुवारची रजा बंद झाली. पाचांपैकी कोणाला काढलं नाही. एक जण मधेच आपणहून हायवेवरच्या गोडाऊनमध्ये लागला, तिथे बरं चाललंय त्याचं. जे दिवस बिनपगारी गेले होते, त्यांचे पैसे मात्र कोणाला परत मिळाले नाहीत. तेवढं पुनर्विनियोजनात बसलं नाही. मामा मला अधूनमधून ते ऐकवायचे आणि मी ऐकून घ्यायचे. पुढच्या वर्षी कारखान्याची जागा एका गोदामवाल्याने घेतली आणि घरपट्टी सुरू झाली. वैशाली आता नव्या गाडीवर आहे. स्पीकरवर आवाज अजून तिचाच.

मी निवृत्त झाले. तरी तालुक्यातले जुने सहकारी कधी फोन करतात. पैसे कमी पडलेत, माणसं काढू की रजा देऊ? मी सांगते, माणूस काढला तरी त्याचं काम कमी होत नाही. ते उरलेल्यांच्या अंगावर जातं, आणि ते मुकाट्याने करतात म्हणून कोणाला दिसत नाही. रजाच द्या. पण सगळ्यांना एकाच दिवशी द्या. आणि तारीख ठरवण्याआधी गावातल्या लग्नपत्रिका वाचून घ्या.